परीट पक्ष्यापुढचं चिलट

चित्र एकदा पालथं करून चेरीच्या फळीवर चिकटवलं की ते गेलंच म्हणायचं. सुरीखाली कागदाचा भुगा होतो, उरतात त्या फक्त लाकडातल्या रेषा. जपानातल्या एदो शहरात छपाईच्या फळ्या कोरणाऱ्या प्रत्येक कोरक्याला हे ठाऊक असतं. पासष्टीच्या हिकोजीला तर पुरतं ठाऊक होतं.

बाइगाकू चित्रकाराने या वेळी दगडावर बसलेला परीट पक्षी काढला होता. हिकोजीने त्याची शेपटी केसागत बारीक कोरली. चोचीपुढे एक टिंब होतं. शाईचा शिंतोडा असेल, म्हणून त्याने ते बिनदिक्कत उडवून टाकलं. मग फळी धुऊन पहिला छाप काढला, तेवढ्यात बायको ओसेन चहा घेऊन आली.

"अहो, हा चोच वासून बघतोय कशाकडे?"

हिकोजीने छाप डोळ्यांजवळ नेला. ते टिंब म्हणजे चिलट असणार. प्रकाशक आधीच कुजबुजत होता की म्हाताऱ्याचे डोळे गेले, बारीक रेषांची मुख्य फळी आता दुसऱ्याला द्यावी. चाळीस वर्षं पिसं कोरणाऱ्याने आता पोरासोरांसारखे रंगाच्या फळ्यांवरचे ढोबळ ढग कोरत बसायचं? त्यापेक्षा बाजारात मुळे विकलेले बरे.

"बाइगाकू गुरुजींना सांगून टाका सरळ," ओसेन म्हणाली.

"सांगतो. आधी निस्तरू तर दे."

त्याने चोचीपुढे फळीला भोक पाडलं, चेरीचंच इवलं ठिगळ ठोकलं, घट्ट बसावं म्हणून ते ओलं करून फुगवलं आणि श्वास रोखून त्यावर चिलट कोरलं, पंखांसकट.

दुसऱ्या दिवशी बाइगाकू आला. नवा छाप हातात धरून त्याने चोचीपुढे बोट टेकवलं.

"हे चिलट कुठून आलं?"

हिकोजीने चटईला कपाळ टेकवलं. "तुमच्याच चित्रातलं, गुरुजी. शिंतोडा समजून मी उडवलं, मग ठिगळ लावलं. डोळ्यांनी दगा दिला."

"अहो, शिंतोडाच होता तो. मांजरीने शाईत उडी मारली होती." बाइगाकूला हसू आवरेना. "चोच उघडी का काढली, हे मलाच कळत नव्हतं. आता बिचाऱ्याला काम मिळालं. राहू द्या चिलट. आणि पुढच्या पक्ष्यांच्या रेषाही तुम्हीच कोरायच्या, प्रकाशकाला मी सांगतो."

तो गेल्यावर हिकोजी भिंतीला टेकून बसला.

"ऐकलंस? मला पहिल्याच नजरेत बरोबर दिसलं होतं."

"दिसलं होतं हो," ओसेन म्हणाली. "आणि सरळ सांगून टाकायचं ऐकलंत माझं."