नायकाचा पहिला शब्द

नायकाचा पहिला शब्द खाली पडू नये, असं बंजारा तांड्यात मानतात. पडला तर पागडी डोक्यावर राहते, पण नायक राहत नाही. फुलसिंगला हे लहानपणापासून ठाऊक होतं. तांड्याचा प्रमुख असलेला बाप गेल्यावर माघात त्याच्या डोक्याला पागडी बांधली, तेव्हापासून तर त्याला दुसरं काही सुचेनासंच झालं. सव्वीस वर्षांचा गडी, दारव्ह्याच्या शाळेत सातवी झालेला. पण नसाब, म्हणजे तांड्याची पंचायत बसली की जीभ टाळूला चिकटायची. महिनाभरात त्याने एकही निकाल दिला नव्हता. बांधाचं भांडण असो की बैलाचं, तो ते कारभारी बाबुलालकाकाकडे ढकलायचा. म्हातारा मिश्किल होता. म्हणायचा, "नायक, पागडी डोक्यावर ठेवाची असते, तोंडात कोंबाची नसते."

त्रेसष्ट साली, होळीला अकरा दिवस असताना, तांड्यावर देवी डॉक्टर आला. मारोतराव त्याचं नाव. तो डॉक्टर नव्हता, देवीची लस टोचणारा सरकारी माणूस होता. पण लोक त्याला डॉक्टरच म्हणत. सायकलला ओल्या पोत्यात गुंडाळलेला थर्मास बांधला होता.

"नायक कोन हाये?" त्याने विचारलं.

फुलसिंगने मागे वळून पाहिलं. मग म्हणाला, "मीच."

"बोरगावात तीन घरी देवी निंघाल्या. तुमच्या बाया हरभरा सोंगाले तिथंच जातात ना? आजच टोचून घ्या सारे. बर्फ उद्या दुपारलोक टिकन. मंग लस मेली, पानी झाली समजा. नवी आनाले मले यवतमाळले जा लागते, अन् माह्या यादीत चाळीस गावं हायेत."

कडुलिंबाखाली नसाब बसली. रीत अशी की आधी म्हातारे बोलतात, मग बाकीचे, आणि नायक सगळ्यांच्या शेवटी. त्याच्यावर मग कोणी बोलत नाही. फुलसिंगने मात्र सुरुवातीलाच एक प्रश्न विचारला. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. "हे लस काढतात कायच्यातून?"

मारोतराव सरळ माणूस. म्हणाला, "रेडकाच्या अंगावर फोड आनतात, त्याच्यातून."

मग तांड्यातली सगळ्यात म्हातारी लालीबाई म्हणाली, "म्हंजे म्हशीची माता आमच्या लेकरायच्या अंगात घालतं का रे बाबू? उद्या पोट्टे वैरन मागतीन!"

खो खो हसणं उठलं. त्या हसण्यातच अर्धा निकाल लागला. उरलेला बाबुलालने लावला. "होळीच्या तोंडावर मातेले डिवचू नये. होळी होऊ द्या, मंग पाहू." एकेकाने तेच म्हटलं, आणि शेवटी सगळे फुलसिंगकडे बघू लागले.

त्याला लस पटली होती. त्याच्या डाव्या दंडावर शाळेत टोचल्याचे दोन गोल वण होते. त्या वर्गातली सगळी पोरं टोचली होती आणि त्यातलं एकही देवीने गेलं नव्हतं. पुरावा त्याच्याच अंगावर होता. करायचं इतकंच होतं: उठायचं, बाही वर सारायची आणि म्हणायचं, 'पुन्हा माह्यापासून सुरू करा.' मनात त्याने ते दोनदा म्हणूनही पाहिलं. पण तो म्हणाला आणि कोणीच उठलं नाही तर? खाली न पडणारा शब्द तो शोधत होता, आणि तसा शब्द एकच होता: जो सगळ्यांनी आधीच बोलून टाकला होता.

"होळी होऊ द्या," फुलसिंग म्हणाला.

माना डोलल्या. बाबुलालने त्याच्या पाठीवर थाप मारली. "बापाचा पोरगा शोभला!" महिन्यात पहिल्यांदा फुलसिंगला हलकं वाटलं. ते हलकं वाटणं पुढे त्याला कधीच विसरता आलं नाही.

सायकलला थर्मास बांधताना मारोतराव हळूच म्हणाला, "तुमच्या तोंडावर दिसत व्हतं, नायक. काहून नाही बोलले?"

"लोकायनं आयकलं नसतं."

"नसतं आयकलं तं नसतं. मले दहा गावांतून हाकलतात, मी अकराव्यात जातोच ना."

तिसऱ्या दिवशी फुलसिंगची मोठी बहीण रुपीबाई बोरगावला हरभऱ्याच्या कापणीला निघाली. नवरा गेल्यापासून ती माहेरीच राहत होती. तिची सहा वर्षांची जमनी हट्ट करून मागे लागली. धाकटी हंसा, दीड वर्षाची, आजीजवळ राहिली. फुलसिंग दारातच होता. जाऊ नका, म्हणावंसं वाटलं. पण 'होळी होऊ द्या' असं आपणच सांगितलेलं. आता भीती दाखवली तर लोक विचारतील, मंग तेव्हा काहून नाही म्हटलं? तो दारातून बाजूला सरला.

होळी झाली. रीतीप्रमाणे फुलसिंगने नायक म्हणून होळीची परवानगी दिली, डफ वाजला, तोही नाचला. होळीनंतर चौथ्या दिवशी जमनी तापाने फणफणली. तापाच्या तिसऱ्या दिवशी तोंडावर, हातांवर फोड उठले. रुपीबाईने दाराला लिंबाचे डहाळे बांधले, मातेचा मान म्हणून घरातली फोडणी बंद केली. फुलसिंग त्याच दुपारी सायकल घेऊन मारोतरावाला शोधत निघाला. दारव्ह्याला तो नव्हता, पुढच्या दोन गावांतही नव्हता. भेटला तेव्हा लस संपलेली. यवतमाळहून नवी आणून मारोतराव तांड्यावर पोचला, त्या सकाळीच जमनीला मातीत ठेवून माणसं परतली होती.

फुलसिंगच्या हातांची माती अजून गेली नव्हती. नसाब बसवली नाही, कोणाला विचारलं नाही. लिंबाखाली उभा राहून तो ओरडला, "सारे बाहेर या. लेकरं घेऊन या. माह्यापासून सुरू करा, मारोतराव."

बाबुलाल पुढे आला. "नायक, आज सुतक हाये..."

"काका, बाही वर करा."

म्हाताऱ्याने बाही वर केली. लालीबाईने दंड पुढे केला. मारोतराव दातेरी चकतीची सुई कातडीवर टेकवायचा, एक पीळ द्यायचा, की पुढचा माणूस. रांग वाटेच्या वळणापर्यंत गेली. एकही जण मागे राहिला नाही. शब्द झेलला गेला होता. फुलसिंगने मात्र कोणाच्याही डोळ्यात शाबासकी शोधली नाही.

सगळ्यांच्या शेवटी रुपीबाई हंसाला घेऊन आली. डोळे कोरडे. भावाला म्हणाली, "हा आवाज त्या दिवशी कुठं व्हता, भिया?"

फुलसिंगने हंसाचा दंड धरला. सुई फिरली, पोर रडली.

"फोड उठलेल्या मानसाजवय राहून किती दिवस झाले हिले?" मारोतरावाने विचारलं.

"सात," फुलसिंग म्हणाला.

मारोतराव सुई पुसत राहिला. "तीन-चार दिवसांत टोचलं असतं तं भरवसा देता आला असता. आता..."

रुपीबाईने ते ऐकलं. ती मारोतरावाकडे नाही, भावाकडे बघत होती. "नायक," ती म्हणाली. पागडी बांधल्यापासून तिने त्याला असं कधी म्हटलं नव्हतं. "हे पोरगी वाचन ना?"

भोवती सगळा तांडा उभा होता. सगळ्यांना 'हो' हा एकच शब्द ऐकायचा होता, आणि तो फुलसिंगच्या ओठावर आयता येऊन थांबला होता.

"सांगता येत नाही, बाई," तो म्हणाला.

रुपीबाईने पोर खांद्यावर टाकलं आणि ती घराकडे चालू लागली.