सुभेदार फडतऱ्यांची टोलमाफी

निघोज्याच्या बाहेरून गेलेल्या नव्या रस्त्यावर माजी सैनिकांना टोल माफ झाला तो सुभेदार दौलतराव फडतऱ्यांमुळे, हे सांगवीत सगळ्यांना माहीत होतं. दोन वर्षं ते त्यामागे लागले होते. लष्कराच्या इंजिनिअर दलात, सॅपर्समध्ये, अठ्ठावीस वर्षं काढलेला माणूस. निवृत्तीनंतर निघोज्याजवळ सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत सुरक्षा अधिकारी म्हणून लागले आणि सांगवीहून रोज स्वतःच्या गाडीनं ये-जा करू लागले. टोलच्या पैशांचं त्यांना इतकं नव्हतं. पण त्यांच्यासमोर कुठल्या तरी नगरसेवकाच्या भाच्याची गाडी हात दाखवून निघून जायची आणि यांनी माजी सैनिकाचं कार्ड पुढे केलं की खिडकीतून उत्तर यायचं, "हे चालत नाही, अंकल." ते मनाला लागायचं.

सांगवीतल्या माजी सैनिक संघटनेचे ते अध्यक्ष होते. निवेदनं दिली, धरणं धरलं, दोन आमदारांना भेटले. शेवटी संबंधित खात्यानं बैठक बोलावली. अरुंधती सबनीस नावाच्या अभियंता तिथे होत्या. त्यांनी कागद बाजूला सारून सरळच सांगितलं होतं.

"फडतरेसाहेब, माफी देता येईल. पण ठेकेदाराला जी तूट येईल ती भरून द्यायला आमच्याकडे तरतूद नाही. त्याच्या करारातल्या काही सेवा कमी कराव्या लागतील."

"कसल्या सेवा?"

"ते नंतर ठरेल. तुमची हरकत नाही ना, एवढंच विचारते."

"ते तुमचं तुम्ही बघा, मॅडम. आम्ही आमचं मागायला आलोय."

सगळे हसले. चहा आला, फोटो निघाले. बैठकीच्या इतिवृत्तावर दौलतरावांनी सही केली.

ऑगस्टपासून माफी सुरू झाली. संघटनेच्या कार्यालयात पास काढायला रांग लागली. महिनाभरात एक गोष्ट दौलतरावांच्या लक्षात आली होती, पण त्यांनी ती मनावर घेतली नाही. ज्यांना गाडी चालवता येत नाही असे म्हातारे जवानही गाडीचे मालक झाले होते. पोरांनी गाड्या वडलांच्या नावावर करून घेतल्या होत्या. खुद्द त्यांच्या मुलानं, सुजितनं, तेच केलं. तो हिंजवडीत नोकरीला, पण बायकोचं माहेर नारायणगावचं, त्यामुळे दर शनिवारी त्याच रस्त्यानं जाणं व्हायचं. "बाबा, तुमच्या नावावर असली काय नि माझ्या असली काय," असं तो म्हणाला, आणि दौलतरावांनी अर्जावर सही केली.

कंपनीच्या गेटवर सकाळी बायकांचे मोबाइल जमा करून घ्यायचं काम दौलतरावांच्या देखरेखीखाली चालायचं. त्यात वर्षाली सोनटक्के नावाची मुलगी होती. वय सव्वीस-सत्तावीस, माहेर-सासर दोन्ही औश्याकडचं. नवरा रविराज दुसऱ्या एका कंपनीत वेल्डर, पदरात पूर्वी नावाची लहान मुलगी. पहिल्या पाळीला ती मैत्रिणीच्या, दिव्याच्या, स्कूटीवर मागे बसून यायची. गेटवर पाय जुळवून उभी राहायची, "जय हिंद, सुभेदारसाहेब," म्हणायची आणि स्वतःच हसायची. माफीची बातमी पेपरात आली त्या दिवशी तिनं पेढे मागितले होते.

"तुला काय गं त्याचं? दुचाकीला टोल कुठे असतो?"

"म्हणून काय झालं? तुमचं काम झालं ना."

त्यांनी दुसऱ्या दिवशी खरंच पेढे आणले होते.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी तीनला पहिली पाळी सुटली. दहा मिनिटांनी रस्त्याच्या वळणाकडून आरडाओरडा ऐकू आला. दौलतराव धावले. कंपनीपासून चार-पाचशे पावलांवर एका ट्रेलरनं स्कूटीला मागून ढकललं होतं. दिव्या कडेच्या मातीत बसून हात धरून रडत होती. वर्षाली डांबरावर उताणी पडलेली. डोळे उघडे होते, शुद्ध होती. मांडीतून रक्त येत होतं आणि कमरेखालचा भाग विचित्र वळला होता.

दौलतरावांना अशा वेळी काय करायचं ते ठाऊक होतं. त्यांनी तिचीच ओढणी घेऊन मांडी आवळून बांधली, डोक्याखाली काही घालू दिलं नाही. एक टेम्पोवाला थांबला होता. त्यानं मागचं फाळकं पाडलं आणि म्हणाला, "काका, टाका यात. चाकणला पोचवतो. मोकळाच आहे मी."

"हलवायचं नाही," दौलतराव ओरडले. "हिची कंबर मोडलीय. टेम्पोत हादरे बसले तर संपेल ती. टोलनाक्याची अ‍ॅम्ब्युलन्स आहे ना दोन किलोमीटरवर. पाच मिनिटांत येते."

त्यांनी स्वतः टोलच्या नंबरवर फोन केला. समोरून "पाठवतो" असं उत्तर आलं. दिव्यानं एकशेआठला लावला, तर ती गाडी दुसरा पेशंट घेऊन पुण्याला गेलेली.

वर्षालीनं त्यांचा हात धरला होता. "पाय कळंना झालाय," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "पूर्वीला शाळेतून आणायचंय."

"आणतील. तू बोलू नको."

पाच मिनिटं गेली, दहा गेली. टेम्पोवाला पुन्हा म्हणाला, "काका, नेऊ का?" दौलतरावांनी नकारार्थी मान हलवली. त्यांची नजर नाक्याच्या दिशेला लागलेली. पंचवीस मिनिटांनी त्यांनी पुन्हा फोन लावला आणि आवाज चढवला. पलीकडची मुलगी घाबरून म्हणाली, "सर, ती गाडी आता इथे नसते. एक तारखेपासून दोन्ही नाक्यांना मिळून एकच आहे. ती पलीकडच्या नाक्यावर असते. तिथून अडतीस किलोमीटर आहे, सर. निघालीय ती."

दौलतरावांनी फोन खिशात टाकला. कंपनीतून एक दरवाजाची फळी आणवली, चौघांनी मिळून वर्षालीला तिच्यावर घेतलं आणि टेम्पोत ठेवलं. चाकणच्या चौकात कंटेनरांची रांग लागलेली होती. दौलतराव खाली उतरले, शिट्टी वाजवत गाड्या बाजूला करू लागले. परत टेम्पोत चढले तेव्हा ओढणीची गाठ घट्टच होती, पण त्यांनी पुन्हा हात दिला तेव्हा वर्षालीच्या बोटांनी तो धरला नाही.

डॉक्टरनं सांगितलं, आतमध्ये रक्तस्राव झाला. अर्ध्या तासात आणली असती तर प्रयत्न करता आला असता. "वाचलीच असती असं नाही म्हणत मी," तो म्हणाला. हे वाक्य दौलतरावांनी नंतर पुष्कळ वेळा मनात उलटसुलट करून पाहिलं.

तिसऱ्या दिवशी ते टोलनाक्यावर गेले. तिथला व्यवस्थापक मधुसूदन ओळखीचा झाला होता. पास त्याच्याच सहीनं निघायचे. दौलतरावांनी बसायच्या आधीच विचारलं, "अ‍ॅम्ब्युलन्स कुणी हलवली?"

मधुसूदननं उठून दार लावलं. कपाटातून एक फाइल काढली, पुरवणी करार त्यांच्यासमोर ठेवला. "तुमच्याच माफीत गेली, साहेब. रोज अकराशेच्या वर गाड्या फुकट जातात. एवढ्यांचा अंदाज कुणीच केला नव्हता. खात्यानं पैसे देत नाही म्हटलं आणि त्याऐवजी या गोष्टी कमी करायला परवानगी दिली. एक अ‍ॅम्ब्युलन्स, एक क्रेन, सेवा रस्त्यावरचे दिवे."

"अकराशे? एवढे माजी सैनिक आहेत तरी का इकडे?"

मधुसूदननं संगणकावर यादी उघडली. त्यानं फक्त स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. शनिवारच्या यादीत वरून आठवा नंबर सुजितच्या गाडीचा होता.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला, सुभद्राबाईंना, सगळं सांगितलं. त्या शेंगा सोलत होत्या. ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "अहो, पण ट्रेलर तुम्ही चालवत होतात का?"

"नाही."

"मग?"

"मला त्या बाईंनी विचारलं होतं. हरकत नाही ना म्हणून विचारलं होतं, सुभद्रा. मी म्हणालो, तुमचं तुम्ही बघा."

सुभद्राबाईंनी हातातली शेंग ताटात टाकली. शेंगांचं ताट उचलून आत गेल्या.

रविवारी सकाळी संघटनेची सभा झाली. दौलतरावांनी प्रस्ताव ठेवला: जो स्वतः गाडीत असेल त्याच्याच एका गाडीला माफी ठेवावी, बाकीचे पास आपण होऊन परत करावेत आणि त्या बदल्यात अ‍ॅम्ब्युलन्स परत मागावी. पहिल्यांदा कुणाला कळेना की ते खरंच बोलताहेत. मग गलका झाला.

शेखर जगदाळे नावाचे एक निवृत्त नायक होते. कारगिलच्या वेळी एका पायाची तीन बोटं गेली होती आणि आता ते भाड्याची गाडी चालवून घर चालवत होते. ते उठले. "सुभेदारसाहेब, मुलगी गेली त्याचं वाईट कुणाला नाही वाटत? पण तूट भरायची जबाबदारी सरकारची होती. त्यांनी अ‍ॅम्ब्युलन्स काढली, आपण नाही. पुढाऱ्यांच्या गाड्या फुकट जातात, त्यांना कुणी विचारतं का की कुणाचं काय कापलं? प्रत्येक वेळी आपणच का सोडायचं?"

"बरोबर आहे तुमचं," दौलतराव म्हणाले. "पण तूट कुठून तरी काढणार हे त्यांनी मला तोंडावर सांगितलं होतं. तुम्हाला नव्हतं सांगितलं. मला सांगितलं होतं."

"मग तुमचा पास तुम्ही द्या."

सभेत हात वर झाले. दौलतरावांच्या बाजूनं तिघे होते. त्यांनी तिथल्या तिथे अध्यक्षपद सोडलं. त्या दिवशी घरी आलेल्या सुजितला गाडीचा पास परत करायला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "माझ्या एका पासानं अ‍ॅम्ब्युलन्स येणार आहे का, बाबा?" आणि ती नाहीच येणार, हे दौलतरावांनाही कळत होतं. तरी त्यांनी गाडीची कागदपत्रं त्याच्यासमोरून उचलली आणि पास स्वतः परत केला. त्यानंतर सुजित दिवाळीला आला, पण मुक्कामाला राहिला नाही.

रविराजकडे जायला त्यांना आणखी आठ दिवस लागले. निघोज्यात पत्र्याच्या खोल्यांच्या ओळीत तो राहत होता. पाच वर्षांची पूर्वी शेजारच्या छबूबाईंच्या दारात खेळत होती. दौलतराव खाली चटईवर बसले आणि सगळं क्रमानं सांगत गेले: बैठक, सही, करार, रस्त्यावर घालवलेली पंचवीस मिनिटं.  सगळं संपल्यावर रविराजनं एकच विचारलं.

"तो टेम्पोवाला न्यायला तयार होता म्हनता?"

"होता."

"पयल्यांदाच?"

"पहिल्यांदाच. मीच नको म्हणालो."

रविराजनं दारातून पूर्वीकडे पाहिलं. मग म्हणाला, "गावकऱ्यांनी बुधवारी ग्रामसभा लावलीय, अ‍ॅम्ब्युलन्ससाठी. तिथं सांगताल का हे? समद्यांसमोर?"

"सांगतो."

बुधवारी शाळेच्या पटांगणात गाव जमलं होतं. दौलतराव उभे राहिले आणि कागद न घेता बोलले. त्यांनी स्वतःचं नाव वगळलं नाही, टेम्पोवाल्याची गोष्टही वगळली नाही.  मग छबूबाई उठल्या. "तुमी देशाचं राखन केलं म्हून आमी तुमाला सायेब म्हनत व्हतो. आमच्या पोरीच्या जिवावर फुकट फिराय लागलात व्हय? आमी तर गाडीवालं बी न्हाई." कुणीतरी मागून शिवी हासडली. दौलतराव उभेच राहिले. खाली बसा असं त्यांना कुणी म्हणालं नाही.

त्या सभेनंतर गावानं दोन दिवस टोलनाका अडवला. बातम्या आल्या. खात्यानं खुलासा काढला की सेवांमधली कपात "माजी सैनिकांच्या प्रतिनिधींशी विचारविनिमय करून" झाली होती, आणि सोबत इतिवृत्ताची प्रत जोडली. दौलतरावांची सही पेपरात छापून आली. कंपनीनं त्यांना बोलावून घेतलं, पाणी पाजलं आणि महिनाअखेरीपासून येऊ नका म्हणून सांगितलं.

डिसेंबरात अ‍ॅम्ब्युलन्स परत आली. माफी मात्र होती तशीच राहिली, पास कमी झाले नाहीत, उलट वाढले. तूट भरून काढायला ठेकेदाराला टोलवसुलीची मुदत तीन वर्षं वाढवून मिळाली. सेवा रस्त्याचे दिवे बंद ते बंदच राहिले. पहिल्या पाळीच्या बायका थंडीत अंधारातून मोबाइलची बॅटरी लावून कंपनीत जायच्या.

जानेवारीत दिव्याचा फोन आला. तिचा हात अजून नीट वळत नव्हता, तिला कामावरून कमी केलं होतं. तिनं सांगितलं की रविराज खोली सोडून चाललाय, औश्याला. पोरीला बघायला इथे कुणी नाही.

दौलतराव पोचले तेव्हा पिकअप दारात उभी होती. गाद्या, गॅसची शेगडी, शिलाई मशीन वर चढलं होतं. लोखंडी कपाट राहिलं होतं आणि रविराज एकटाच ते दारातून तिरकं करून काढायच्या प्रयत्नात होता. दौलतरावांनी चपला काढल्या आणि दुसरी बाजू धरली. रविराजनं वर पाहिलं. त्यानं त्यांना सोडायला सांगितलं नाही. दोघांनी मिळून कपाट बाहेर काढलं, गाडीवर चढवलं, दोरीनं बांधलं.

पूर्वी पुढच्या सीटवर बसली होती. रविराज तिच्या शेजारी बसला, दार ओढून घेतलं. ड्रायव्हरनं विचारलं, कुठल्या रस्त्यानं घेऊ?

"गावातून घे," रविराज म्हणाला. "टोलच्या रस्त्यानं नको."

गाडी बोळातून वळून दिसेनाशी झाली. छबूबाई रिकाम्या खोलीला कुलूप लावत होत्या. कुलूप लावून झाल्यावर त्यांनी दौलतरावांकडे न बघता आपलं दार आतून लावून घेतलं.