दोन पाय, सैल माप

थोरला शिंपी रागावला की ओरडत नसे, कात्री चालवी. त्या शनिवारी सकाळी त्याने अस्तराच्या चांगल्या कापडाच्या चिंध्या करून टेबलावर ढीग लावला, तेव्हा शिलाई मशीनवर बसलेल्या त्याच्या बायकोने पाय थांबवला.

"अहो, ते कापड मोजून आणलेलं आहे."

"मोजायचं नाव काढू नकोस आज माझ्यासमोर."

मोजण्यावरूनच पेटलं होतं. दुकानाच्या मागच्या खोलीत वडिलांची मोटरसायकल बावीस वर्षं कापडाच्या ताग्यांना टेकून उभी होती. आप्पा गेल्यावर तिला कुणी हात लावला नाही. मग डोळ्यांच्या डॉक्टरांनी थोरल्याला सांगितलं की उजवा डोळा अर्धा, डावा नावापुरता. दीड महिन्याने लायसन्स संपतंय ते संपू द्या, नवीन मिळायचं नाही. त्या दिवशी घरी येऊन त्याने पाना मागितला. त्याच्या आत एकदा, फक्त एकदा, स्वतः चालवत धरणाच्या भिंतीपर्यंत जायचं आणि परत यायचं. एवढंच. एवढ्यासाठी दीड महिना घरादाराला धारेवर धरलं, आणि आता लायसन्स संपायचा बुधवार चार दिवसांवर आला होता.

गाडीचं सगळं सोसण्यासारखं होतं, पुढचा फोर्क, म्हणजे चाक धरणारे दोन पाय, सोडून. सील फाटलेले, तेल केव्हाच वाहून गेलेलं, पाइपांना गंजाचे डाग. थोरल्याने पंधरा दिवस मांडीवर घेऊन पाइप घासले. डोळ्यांना दिसत नव्हतं, म्हणून बोटाने चाचपून घासले, आणि अंगठ्याला खरखर लागेनाशी झाली तेव्हाच सोडले. मग फ्लॅनेलमध्ये गुंडाळून ठेवले. लेथवाला म्हणाला होता, "मास्तर, पाइप इकडे आणून टाका, त्यांच्यावरच बुश बसवून देतो." थोरला म्हणाला, पाइप घराबाहेर जाणार नाहीत, माप पाठवतो. व्हर्निअर या मोजपट्टीवरच्या बारीक रेघा वाचायची वेळ आली तेव्हा मात्र त्याचा चष्मा नेमका सापडला नाही, आणि ते काम धाकट्या भावाकडे गेलं.

बुश आले, पाइपाभोवती बसणाऱ्या पितळी कड्या. फोर्क जुळवला, तेल भरलं. थोरल्याने पुढचा ब्रेक दाबून हँडलवर भार टाकला. टक. पुन्हा टाकला. टक. बोट लावून पाहिलं तर पाइप आणि बुश यांच्यामध्ये दोन पोस्टकार्डं आरामात झोपली असती. नव्या सीलमधून तेल गळून फरशीवर थारोळं झालं.

धाकटा काजं करून घेऊन आला तोवर ढीग आणखी वाढला होता.

"किती लिहिलं होतंस?" थोरल्याने कात्री खाली न ठेवता विचारलं.

"साडेचौतीस मिलिमीटर."

"आणि पाइप किती भरला होता?"

"तेहेतीस पूर्णांक आठ." धाकट्याने सुई-दोरा खिशात खोवला. "पण दादा, ते वरखाली सरकायचं ना? म्हणून सैल धरलं."

"सैल धरलं. पोट सुटणार होतं का त्या पाइपाचं? जेवायला बसणार होता पाइप?"

बायकोला हसू आलं, ते तिने दाताखाली दोरा तोडून लपवलं. तिने मापांची वही उघडून मोठ्याने वाचली, तर गिऱ्हाइकाच्या रकान्यात धाकट्याच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं: आप्पांची गाडी, पाय, दोन. पुढे साडेचौतीस. अंगाचं माप कुठेही नाही.

"अंगाचं माप का नाही लिहिलंस, गाढवा?"

"वहीच्या पहिल्या पानावर काय लिहिलंय?" आता धाकट्याचाही आवाज चढला. "'अंगाचं माप लिहू नये, सैल धरूनच लिहावं.' अक्षर कुणाचं आहे? एकदा अंगाचं माप लिहिलं म्हणून पट्टीने मारलं होतंस मला. सोळा वर्षांचा होतो मी."

थोरल्याने वही मिटली. पान उघडून पाहायची त्याला गरज नव्हती, आणि उघडलं असतं तरी वाचता आलं नसतं, ही गोष्ट खोलीतल्या तिघांनाही माहीत होती. त्यामुळे तो अधिकच भडकला.

दोघे लेथवाल्याकडे गेले. या वेळी पाइप बरोबर होते.

"गुरुवार," लेथवाला म्हणाला. "पंपाचं काम लावलंय मशीनवर."

"मंगळवारी द्या."

"मास्तर, माझ्या मुलीच्या लग्नाचा गुरुवारचा ब्लाउज मी मंगळवारी मागितला तर द्याल का हो?"

"बुधवारी देईन. मी आजवर तारीख चुकवलेली नाही."

"मी चुकवतो," लेथवाला शांतपणे म्हणाला, आणि आत गेला.

बुधवार आला आणि गेला. थोरल्याने त्या दिवशी तीन पँटी कापल्या, तिन्ही बरोबर.

गुरुवारी संध्याकाळी बुश पाइपावर असे उतरले की मध्ये केस शिरला नसता. फोर्क दाबला, तेलात बुडाल्यासारखा मऊ खाली गेला आणि तसाच वर आला. आवाज नाही.

"चालव ना," धाकटा म्हणाला. "एका दिवसाने काय बिघडतं? कोण विचारतंय?"

"काल रात्री बारा वाजता संपलं."

"दादा, गल्लीतून तरी."

"चूक तुझी, आणि वर मला चोरून चालवायला शिकवतोस?"

"नियम तुझा," धाकटा म्हणाला.

"पाइप न्यायला लेथवाला सांगत होता," बायको मशीनवरून म्हणाली, वर न पाहता. "नको म्हणालं कोण?"

थोरल्याने किल्ली भावाच्या छातीवर आपटली.

"बैस. तू चालव. धरणापर्यंत. आणि खड्डा दिसला की चुकवू नकोस, त्यातूनच घाल. बघायचंय मला."

धाकट्याने किक मारली. थोरला मागे चढला, पण भावाच्या खांद्यावर हात ठेवला नाही. सीटमागची लोखंडी कडी दोन्ही मुठींनी धरली.