बाणंती आणि विलायती चेंडू

मित्रांनो, मला चेंडू म्हणायला सप्तापुरातल्या आमच्या गल्लीत कुणी तयार नाही. गल्लीतली मुलं मला तत्ती म्हणतात. कन्नडमध्ये तत्ती म्हणजे अंडं. माझा आकारच तसा, त्याला मी काय करणार! मी एक जुना रग्बीचा चेंडू आहे. वेल्सच्या चिखलात लाथा खाल्ल्या, आणि आता धारवाडात एका काचेच्या कपाटात बसून धूळ खातो आहे.

लोक मला विलायती समजतात. पाहुणे आले की कपाटापाशी वाकतात आणि म्हणतात, "फॉरेनचा दिसतो." अहो, फॉरेनचा कसला! माझा जन्म जालंधरचा. तिथल्या एका लांबट खोलीत मला शिवलं, पेटीत भरलं आणि बोटीवर चढवलं. माझ्या पोटावर तसं बारीक अक्षरांत छापलंही आहे. पण बारीक अक्षर वाचतो कोण?

वेल्समध्ये मी एका डोंगराळ गावाच्या क्लबात पोचलो. मैदान उतरतं, पाऊस रोजचा. माणसं मात्र रांगडी आणि मनाची मोकळी. मॅच हरली तरी भिजलेल्या कपड्यांत खांद्याला खांदा लावून गायची, तेही आपल्या भाषेत. इंग्रजी सगळ्यांनाच येत होती, पण गाणं आणि शिवी मातृभाषेतच. मला ते फार आवडायचं. त्या दिवसांत मला कुणी जपत नव्हतं, आणि मी सुखी होतो.

मैदानाची देखभाल इवान नावाचा एक म्हातारा करायचा. मैदानावर तांबूस, दुभंगलेल्या शेपटीच्या घारी तरंगायच्या. इवान मान वर करून सांगायचा, "या घारी एकेकाळी संपत आल्या होत्या. अंडी चोरीला जायची. मग माणसांनी पाळ्या लावून घरट्यांची राखण केली." त्याच्या वडिलांनीही थंडीत कुडकुडत अशी पाळी केली होती. ऐकणाऱ्यांत आमच्या संघातला एकमेव भारतीय असायचा. तो प्रभंजन, धारवाडचा, तिथे इंजिनिअर म्हणून नोकरीला. पळण्यात वारा, आणि मनाने हळवा. घारींची गोष्ट ऐकताना त्याचे डोळे भरून यायचे. खोटं कशाला सांगू, ते पाणी खरंच होतं.

तो पहिल्यांदा सुट्टीवर घरी निघाला तेव्हा संघाने माझ्यावर सह्या केल्या आणि मला त्याच्या हाती दिलं. असा मी कुसुमक्कांच्या घरी आलो. कुसुमक्का म्हणजे प्रभंजनची आई. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, कानांनी जरा कमी. त्या सुट्टीत प्रभंजनने गल्लीतल्या मुलांना मला घेऊन पळायला शिकवलं. खंडेनवमीला कुसुमक्कांनी मला सायकलीशेजारी पाटावर बसवून हळदकुंकू लावलं. मी आयुध आहे की फळ, हे त्यांना नीट ठरवता येईना, म्हणून दोन्ही बाजूंनी लावलं! आणि जेवताना प्रभंजनने आईला घारींची सगळी गोष्ट सांगितली. सांगताना पुन्हा त्याने डोळे पुसले. कुसुमक्का वाढायचं विसरून ऐकत राहिल्या.

मग तो परत गेला. मला कपाटात ठेवलं गेलं आणि कपाट खिडकीशी. खिडकीतून अंगणातलं जुनं शिरीषाचं झाड दिसायचं.

त्या झाडाच्या ढोलीत दर उन्हाळ्यात धनेशाची जोडी यायची. राखाडी रंगाचा, मोठ्या वाकड्या चोचीचा पक्षी. तुम्ही पाहिला नसेल तर जरूर पाहा. त्याची रीत जगावेगळी. मादी ढोलीत शिरते आणि ओल्या मातीने, विष्ठेने दार आतून लिंपून घेते. उरते ती चोचीपुरती फट. आत तिची उडायची पिसं गळतात. मग तिचं आणि पिल्लांचं पोट नराच्या येण्यावर. तो फळं घेऊन येतो, फटीतून एकेक भरवतो, पुन्हा जातो. त्याला काही झालं तर आतले सगळे उपाशी.

कुसुमक्का मादीला बाणंती म्हणायच्या. बाणंती म्हणजे बाळंतीण. आमच्या धारवाडात कन्नड शब्द मराठी घरात न विचारता येऊन बसतात, आणि मग घरचेच होतात. "बाणंती जेवली का ग?" असं त्या शेजारच्या मथुराबाईंना सकाळीच विचारायच्या, आणि मथुराबाईंनाही ते कळायचं. मुलाचा फोन आठवड्याने यायचा, धनेश मात्र रोज यायचा. तो आला की त्यांचा चेहरा उजळायचा, आणि मलाही कपाटात बरं वाटायचं.

या वर्षी मे महिन्यात प्रभंजन आला, तो अंगणात विद्यार्थ्यांसाठी भाड्याच्या खोल्या बांधायचं ठरवूनच. शिरीष आड येत होता. तोडायची परवानगीही आली होती.

"थांब की रे थोडं," कुसुमक्का म्हणाल्या. "जून लागू दे. ढोलीत बाणंती आहे. पिल्लं उडाली की मी स्वतः सांगते, तोडा म्हणून."

"आई, मी गुरुवारी निघतोय. मी नसताना कोण बघणार हे सगळं?"

"मी बघते."

"तू नको दगदग करूस. एका पक्ष्यासाठी काम अडवून कसं चालेल?"

कुसुमक्कांनी कपाटात माझ्याकडे बघितलं. मला वाटतं, ज्या मुलाचे परक्या घारींसाठी डोळे भरले, तो घरच्या धनेशाला हात लावणार नाही, अशी त्यांची खात्री होती. माझीही होती.

संध्याकाळी भीमराव झाड बघायला आला. अळणावरकडचा माणूस, झाडं उतरवण्याचं काम करणारा. कुसुमक्का फाटकाशी गेल्या, शिरीषाकडे हात करून म्हणाल्या, "आत बाणंती आहे हो. तिला त्रास नको. जरा थांबा."

शिरीषाच्या मागे घर होतं. भीमरावने हाताच्या रोखाने बघितलं ते घराकडे. लगेच त्याने आवाज खाली आणला. "बरं अक्का. काही काळजी करू नका."

कुसुमक्का निश्चिंत होऊन घरात आल्या. भीमरावने खिडकीखाली उभं राहून बाहेर गेलेल्या प्रभंजनला फोन लावला. "साहेब, अक्का थांबा म्हणत्यात. घरात बाणं..."

"आईचं मनावर घेऊ नका. उद्या झालंच पाहिजे," पलीकडून आवाज आला आणि फोन बंद झाला. भीमराव थोडा वेळ डोकं खाजवत उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी प्रभंजन काही कामासाठी हुबळीला गेला. जेवण करून कुसुमक्का मागच्या खोलीत पंखा लावून आडव्या झाल्या. भीमराव माणसं घेऊन आला आणि त्यांना दबक्या आवाजात म्हणाला, "घरात बाणंतीण हाय. मिशीन लावायचं न्हाई. हातकरवत घ्या. फांदी दोरानं उतरवा, आपटू नका. आन् बिडी तिकडं लांब ओढा."

मशीन लागलं असतं तर त्या जाग्या झाल्या असत्या, मित्रांनो. त्या आवाजाने बहिरासुद्धा जागा होतो. पण या भल्या माणसांनी एका बाळंतिणीसाठी आपल्या हातांची सालं काढून घेतली. खोड आतून पोकळ, लवकर कापलं गेलं. दोर धरून त्यांनी ते अलगद टेकवलं. एवढं जपून कुणी झाड पाडलेलं मी बघितलं नाही. मी काचेआड होतो. मला तोंड नाही, याचा मला त्या दिवशी आला तसा राग कधी आला नाही.

कुसुमक्का उठून बाहेर आल्या तेव्हा अंगणात नको इतका उजेड होता. भीमराव घाम पुसत हसला. "अक्का, आवाज केला न्हाई बघा. बाळाची झोप मोडली न्हाई."

कुसुमक्का आडव्या खोडापाशी जाऊन बसल्या. ढोलीचं लिंपण फुटलं होतं. बाणंती मेली होती. तिच्या पंखांत उडायला पिसंच नव्हती. एक पिल्लू अजून चोच उघडत होतं, तेही संध्याकाळपर्यंत गेलं. भीमरावला कळलं तेव्हा त्याने डोक्याचं मुंडासं काढलं. "मला वाटलं, घरात सून..." एवढंच तो म्हणाला, आणि पोरासारखा रडला.

प्रभंजनने रात्री येऊन बघितलं. "अरेरे," म्हणाला. "पण झाड पोकळच होतं, आई. कधीतरी पडलंच असतं."

नर पुढे कितीतरी दिवस चोचीत उंबर धरून येत होता. झाडाच्या जागी हवेत घिरट्या घालायचा आणि मथुराबाईंच्या तारेवर बसायचा. कुसुमक्कांनी खिडकी लावून घेतली.

आता खोल्या झाल्या आहेत. परवा प्रभंजनचा व्हिडिओ कॉल आला. मैदानावर तरंगणारी घार त्याने दाखवली. "आई, बघ किती सुंदर! इथे घरट्याला कुणी हात लावू देत नाही."

"छान आहे रे," कुसुमक्का म्हणाल्या.

"आणि माझा चेंडू जपून ठेवलायस ना? सह्या आहेत त्याच्यावर."

"आहे," म्हणाल्या, आणि फोन पालथा ठेवला.

मित्रांनो, जुनी वस्तू शेवटी म्हणते, मला जपा. मी म्हणणार नाही. मला बाहेर काढा, चिखलात लाथाडा, मी त्यासाठीच शिवला गेलो. जपायचं ते तुमच्या अंगणात बघा. त्याच्यावर कुणाच्या सह्या नसतात. आणि कुणी म्हातारी बाई म्हणाली, आत बाणंती आहे, तर मान डोलवून निघून जाऊ नका. कुठे आहे, एवढं तिला विचारा.