न झालेल्या लग्नाची अंगठी

मी एक जुनी चांदीची अंगठी आहे. शिकागोतल्या एका संग्रहालयात काचेच्या पेटीत पडून असते. मित्रांनो, माझ्या चकाकीला भुलू नका. मी कुणालाच सुख दिलेलं नाही.

सुमारे नऊशे वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या नॉर्मंडीतल्या एका सोनाराने मला घडवलं. चर्चच्या दारात, साऱ्या गावादेखत, एका सरदाराने मला अदेलाच्या बोटात घातलं. काय कौतुक झालं माझं! पुढे तिला मुलगी झाली, माबिल. त्या पोरीच्या दुधाच्या दातांच्या खुणा अजून माझ्या कडेवर आहेत.

मग सरदाराला एका मोठ्या जहागिरीची वारसदार सांगून आली. घटस्फोट मिळत नसे, पण नात्यातलं लग्नही चर्चला चालत नसे, अगदी सात पिढ्यांपर्यंत. पाद्री आपल्याच हातावर पिढ्या मोजत गेला: खांदा, कोपर, मनगट, बोटांची पेरं. शेवटच्या पेराशी दोघांचा एक पूर्वज सापडला. झालं! लग्न मोडलं नाही, ते मुळात झालंच नव्हतं असं ठरलं. सरदाराची जहागीर दुसऱ्या बायकोच्या मुलाला गेली. माबिल कुणाचीच उरली नाही, आणि मी एका पेटीच्या तळाशी काळी पडत राहिले.

शतकांनंतर या संग्रहालयात मला नीलांबरीकाकू भेटल्या. दर शनिवारी नेपरव्हिल उपनगरातून ट्रेनने येतात आणि स्वयंसेवक म्हणून लोकांना हौसेने माझी गोष्ट सांगतात. स्वतःच्या हातावर बोटं ठेवत त्या पाद्र्याची अशी नक्कल करतात की लोक हसतात. माबिलपाशी आल्या की मात्र त्यांचे डोळे भरतात. माझ्या माबिलसाठी कुणीतरी रडलं, याचंच मला केवढं अप्रूप!

एकदा त्यांची मुलगी इशिता इथेच त्यांना म्हणाली, "आई, मी आणि देवने कोर्टात लग्न केलं. प्लीज, त्याला एकदा भेट ना."

"तुमचं गोत्र एक आहे. आमच्या दृष्टीने हे लग्न झालंच नाही."

"मॉम, तू त्या प्रीस्टसारखीच बोलतेयस!"

"ते वेगळं," काकू म्हणाल्या आणि पुढच्या घोळक्याकडे वळल्या. मी मनातून पार खचले.

कित्येक वर्षांनी, गेल्या शनिवारी, इशिता परत आली. तिचं बोट धरून छोटी केया होती. काकूंनी नातीला कधी पाहिलंच नव्हतं. दोघी घोळक्याच्या मागे उभ्या राहिल्या. काकूंचा आवाज अडखळला, तरी गोष्ट त्यांनी पुरी केली. केया पुढे आली आणि काचेवर हात टेकवून म्हणाली, "हू टुक द लिटल गर्ल होम?"

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. केयाची हनुवटी थेट त्यांचीच होती. काकूंचे ओठ हलले. मी जीव मुठीत धरून वाट पाहिली.

"नोबडी नोज, स्वीटी," त्या म्हणाल्या. परक्या पोरांशी बोलतात तशाच. इशिताने मुलीला उचललं आणि ती निघून गेली.

संग्रहालय बंद होताना काकू एकट्याच परत आल्या. केयाच्या हाताचा ठसा काचेवर होता. बराच वेळ त्या तो बघत राहिल्या, मग रुमालाने पुसून टाकला.

मित्रांनो, माझी इथे फार चांगली निगा राखतात. माझी काळजी करू नका. हाताची पेरं पिढ्या मोजायला नसतात, लेकरांचा हात धरायला असतात. काकूंना हे ओरडून सांगावंसं वाटलं. पण मी पडले अंगठी, आणि त्या ट्रेन पकडायला निघून गेल्या होत्या.