पाहुण्यांसाठी कापलेलं गवत

जळगावहून निघालेली गाडी धुळ्यात चहाला थांबली, तोवर भाईदासआबांनी बोलता बोलता गवत कमरेपर्यंत वाढवलं होतं. साक्री ओलांडताना ते छातीपर्यंत आलं.

"आणि पाखरं?" मागून ऋतिकाने विचारलं. गवताचा अभ्यास हेच तिचं काम होतं.

"पाखरं विचारूच नका," आबा म्हणाले. पाखरं त्यांनी नीट पाहिलीच नव्हती.

पुढच्या सीटवर श्रेयांस बसला होता. घरची सराफी पेढी सांभाळून तो आजोबांच्या नावाच्या ट्रस्टमधून गावोगावच्या नाल्यांना नि माळांना लहान लहान अनुदानं देई. पिंपळनेरच्या आत असलेल्या आबांच्या चिंचखेडला मागच्या वर्षी असं एक मिळालं, आणि त्यातून नाल्यावर खालचा दगडी बांध झाला. अट एकच होती. दोन्ही काठांवरचं गवत वर्षभर कुणी चारायचं नाही, कापायचं नाही. अट पाळली, तर पुढच्या वर्षी वरचा बांध.

या वरच्या बांधाच्या भरवशावर आबांनी वर्षभर अख्ख्या गावाची गुरं अडवली होती. सख्खा मेहुणा झुलाल, पण त्याच्या शेळ्याही काठावरून हाकलल्या. तेव्हापासून झुलाल त्यांच्याशी फक्त तिसऱ्या माणसामार्फत बोलत असे. वरचा बांध झाला नाही, तर दुसऱ्याच दिवशी शेळ्या काठावर येणार आणि आबांना पारावर बसणं अवघड होणार, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून पाहुण्यांना आणायला आबा आदल्या दिवशी जातीने जळगावला गेले होते.

गाडी नाल्याकडे वळली तेव्हा आबांना आधी वाटलं, ड्रायव्हर चुकला.

दोन्ही काठ जावळ काढलेल्या पोरासारखे गुळगुळीत होते. दगडांना चुना फासला होता, चुन्यावर गेरूची पट्टी. छोट्या मांडवात खुर्च्या, समोर रांगोळी, आणि ओवाळणीचं ताट घेऊन आबांची बायको ताईबाई. बचत गटाची अध्यक्षही तीच.

आबा खाली उतरून दबक्या आवाजात म्हणाले, "हाई काय करं तुम्ही?"

"साफ करं. काल सकायपाईन बठ्ठं गाव लागेल व्हतं."

"कापानं नही, अशी अट शे ना!"

"वरीसभरनी अट व्हती. वरीस परवाच भरनं. आनि पाव्हनासले काय रानमा बसाडाना?"

तिचं चुकलं होतं असंही म्हणता येईना. आजवर गावात जो जो साहेब आला, त्याच्या आधी गवत काढून ठेवा असा निरोप आला होता. गवतच बघायला येणारा साहेब ही गोष्ट गावाच्या कल्पनेपलीकडची होती.

"वा, काय स्वच्छता आहे!" श्रेयांस मनापासून म्हणाला.

ऋतिकाने खाली बसून एक खुंट बोटांनी चाचपला. आबांना राहवेना.

"ताई, गवत होतं. कमरेइतकं तर खरंच होतं. छातीइतकं मी साक्रीपुढे केलं."

ऋतिकाला हसू आलं, पण तिने ते आवरलं. "कापलेलं कुठे आहे?"

हा प्रश्न कुणाच्याच अपेक्षेत नव्हता. सगळ्यांच्या माना झुलालकडे वळल्या. झुलाल आभाळाकडे बघू लागला.

गवत झुलालच्या खळ्यात होतं. पेंढ्या बांधून, एकावर एक रचून, घराच्या कौलांना टेकेल एवढी गंजी त्याने लावली होती. गावकीच्या कामात त्याचा एवढा उत्साह प्रथमच दिसला होता, आणि त्याचं कारण आता कळलं. शेळ्यांना आजपासूनच घालायचा बेत होता.

ऋतिका खळ्यात मांडी घालून बसली आणि एकेक पेंढी सोडू लागली. "हे पवन्या. हे मारवेल. हे तर मागच्या पाहणीत इथे नव्हतंच." एका पेंढीतून गवताच्या काड्यांचं गोल, रिकामं घरटं निघालं. "मुनिया पाखराचं," ती म्हणाली आणि ते तिने श्रेयांसच्या तळहातावर ठेवलं. सोन्याचा दागिना तोलावा तसा तो ते धरून उभा राहिला.

"मुळं जिवंत आहेत, आणि बी अजून कणसातच आहे," ऋतिका उठून म्हणाली. "हे गवत परत काठावर पसरा. बी झडलं पाहिजे."

"बठ्ठं?" झुलालने विचारलं.

"बठ्ठं. एकूण एक पेंढी," ऋतिका म्हणाली.

"मंग मन्या शेळ्या?"

"बी झडलं की काड्या तुमच्या."

ताईबाई ताट घेऊन तशीच उभी होती. "आनि वरना बांध?"

ऋतिकाने श्रेयांसकडे पाहिलं. श्रेयांसने घरट्याकडे पाहिलं. "दिवाळी होऊ द्या, अक्का. मग काम लावा."

दुपारभर सगळं गाव, जे कापलं ते परत नेऊन पसरत होतं. झुलाल पेंढी सोडताना प्रत्येक वेळी एक सुस्कारा टाकी, पण कुठे थर विरळ दिसला की "आबा, तठे पातय व्हयनं, आखो टाका," असं थेट आबांनाच सांगू लागला होता. श्रेयांसने गाडीत बसून अहवालात लिहिलं: लोकसहभागातून बीजप्रसार, प्रतिसाद उत्स्फूर्त.

पाहुणे गेल्यावर काठावर कुठून तरी मुनियांचा थवा उतरला आणि बी टिपू लागला. ज्वारीच्या शेतात उचलावं तसं ताईबाईने ढेकूळ उचललं.

"खाऊ दे तेस्ले," आबा म्हणाले.

"बठ्ठं खाई टाकतीन ना!"

"थोडं तं सोडतीन."

ताईबाईने पाखरांकडे पाहिलं, ढेकूळ खाली टाकलं आणि मांडवातली एक खुर्ची ओढून, पाय लांब करून बसली.