वरच राहून गेलेली त्रेचाळीस नावं

अहो, जरा खाली बघा! ईमेल लिहिताना वर ‘प्रति’ दिसतं ना, त्याच्याखाली कोपऱ्यात दडलेला मी बीसीसीचा रकाना बोलतोय. माझ्यात टाकलेले पत्ते एकमेकांना दिसत नाहीत. जन्मापासून हे एकच काम करतोय, पण माणसांना माझी आठवण होईल तर शपथ.

मी राहतो तो कॉम्प्युटर दारू सोडवणाऱ्या केंद्रातला, दारापाशीच्या टेबलावरचा. तिथल्या ताईंचं काम चोख, पण एक खोड होती. यादी आधी ‘प्रति’मध्ये टाकायच्या, एकेक पत्ता बोट ठेवून तपासायच्या आणि मग सगळी उचलून माझ्यात आणायच्या. तेवढा वेळ माझा जीव टांगणीला लागायचा.

त्या दिवशी बैठकीच्या खोलीत पाणी गळायला लागलं, म्हणून मंगळवारच्या आणि शुक्रवारच्या दोन्ही गटांना बैठकीची बदललेली वेळ कळवायची होती. त्रेचाळीस पत्ते तपासून झाले आणि नेमकी तेव्हाच डॉक्टरीणबाईंनी बादली आणायला हाक मारली. ताई गेल्या, धावत परत आल्या आणि ‘पाठवा’ दाबून मोकळ्या झाल्या. पत्ते वर ‘प्रति’तच राहिले, मी खाली रिकामाच. ओरडणार तरी कसा?

यादीत शाळेच्या बसचे एक ड्रायव्हर होते. दर शुक्रवारी यायचे, अकरा महिने थेंबाला शिवले नव्हते. मंगळवारच्या गटात त्याच शाळेचे हेडक्लार्क होते. दुसराही इथे येतो याची दोघांना काडीची कल्पना नव्हती. आता दोघांची नावं एकाखाली एक दिसत होती.

शाळेत कळलं तर ड्रायव्हरांची नोकरी गेलीच. क्लार्क बोलतील का? कोण जाणे, त्यांचंही गुपित फुटलेलं. शुक्रवारी ड्रायव्हर आले नाहीत. मंगळवारी क्लार्कही नाहीत. दार वाजलं की ताई दचकून वर बघायच्या, आणि त्यांच्यासोबत मीही.

शेवटी ताईंनी ड्रायव्हरांना स्पीकरवर फोन लावला. चूक माझीच, म्हणाल्या.

“ताई, मी प्यायलो नाही,” ते म्हणाले. “पण प्यावंसं वाटलं की आता कुणाकडे जाऊ, तेवढं सांगा.”



हल्ली ताई पत्ते थेट माझ्यात टाकतात, ‘प्रति’त फक्त केंद्राचा. काल यादी मोजली, एक्केचाळीस भरली. मला काही चैन पडत नाही. तुमच्याही हाती कुणाची नावं असतील, तर पाठवण्याआधी एकदा खाली बघा. माझ्यात नाव ठेवायला क्षणभर लागतो हो, पण बाहेर गेलेलं नाव मला परत आत घेता येत नाही.